तीन एक्के सहाव्या नंबरावर

प्रिय मिहिर आणि सई,

तुमच्या बाबाने पर्थहून फोन करून मला विचारलं, "आई, तुला हॉलंडमध्ये जुगाराच्या अड्ड्यावरून हाकलून दिलं म्हणे?" ही बातमी त्याच्यापर्यंत कोणी पोचवली ते मला माहीत आहे आणि मुग्धाआत्याशी मी त्याबद्दल बोलणार आहे. पण बातमी अर्धवट आहे. तो अड्डा नव्हता, परवाना असलेला कॅसिनो होता. हाकललं नाही, बाहेर बसायची विनंती केली, आणि वर कॉफी दिली. मी साताऱ्याला परत येऊन आठ दिवस झाले, बॅगा धुऊन पोटमाळ्यावर गेल्या, तेव्हा आता सगळं क्रमाने लिहून काढते.

फेल्डहोवन, रविवार

तुमच्या आत्याने आणि निखिलकाकाने घर घेतलं, त्याच्या वास्तुशांतीला मी गेले होते हे तुम्हाला ठाऊक आहे. निखिलची आई नलूताई अमरावतीहून आल्या होत्या. म्हणजे आम्ही दोघी विहिणी एका घरात, शेजारशेजारच्या खोल्यांत, तीन आठवडे. साताऱ्यात मला लोकांनी सहानुभूती दाखवून निरोप दिला होता.

फेल्डहोवन हे गाव कोणीतरी पट्टी घेऊन आखल्यासारखं आहे. सायकलींचा रस्ता लाल, माणसांचा करडा, आणि दोन्हींच्या मध्ये गवताची कापलेली किनार. मला ते पहिल्या दिवशीच आवडलं. नलूताईंना आवडलं नाही. त्या म्हणाल्या, "रस्त्यावर एक माणूस नाही, गाय नाही, काही नाही. यांचं दुपारचं काय चालते मग?" दुपारी यांचा पाव चालतो. पावावर लोणी, लोण्यावर चॉकलेटचा चुरा, आणि हे मोठी माणसं ऑफिसात बसून खातात. नलूताईंनी त्याच पावावर मिरचीचा ठेचा लावून पाहिला आणि सुधारणा झाली असं जाहीर केलं.

रविवारी संध्याकाळी त्यांनी अमरावतीला त्यांच्या थोरल्या भावाला, अण्णासाहेबांना, फोन लावला. फोन स्पीकरवर होता, म्हणून मला ऐकू आलं.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. अण्णासाहेबांकडे दरवर्षी दिवाळीत तीन पत्तीची बैठक बसते. नलूताई लहानपणापासून भावांच्या पाठीमागे उभं राहून तो खेळ शिकल्या. शेजारच्या बायकांना त्या हातोहात हरवतात. पण त्या बैठकीत त्यांना आजवर कोणी बसवलेलं नाही. बाई बसली की डाव बिघडतो, असं अण्णासाहेबांचं म्हणणं. नलूताई आता एकोणसत्तर वर्षांच्या आहेत.

"अण्णा, इथं कॅसिनो आहे," त्या म्हणाल्या. "बुधवारी दुपारी नवशिक्यांचं टेबल असते म्हणे. मी या बुधवारी बसून राहिली."

"बस नं," अण्णासाहेब हसले. "आपली पर्स सांभाळ फक्त."

"एक डाव जिंकून दाखवला तर?"

"तर दिवाळीला तुझी जागा पक्की. पण पाहणार कोण, मले कसं कळणार? तू तर दहा सांगशील."

नलूताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पालक निवडत होते.

"विहीणबाई येतील संग," त्या म्हणाल्या. "त्या सांगतील तुले. त्या खोटं बोलत नाहीत, साऱ्या घराला तरास आहे त्याचा."

अशा रीतीने मला न विचारता माझी साक्षीदार म्हणून नेमणूक झाली.

फेल्डहोवन, मंगळवार

तुम्हाला माहीत आहे की मी तीस वर्षं कॉलेजच्या परीक्षा विभागात होते. पहिला कोण, दुसरा कोण, हे ठरवणाऱ्या याद्या मी लावल्या. म्हणून मला पोकर खेळायचा नसला, तरी त्यातली क्रमवारी समजल्याशिवाय मी साक्षीला उभी राहणार नव्हते. निखिलने संगणकावरून एक तक्ता छापून दिला.

पोकर असा असतो. प्रत्येकाला दोन पानं मिळतात, ती तुम्ही लपवून ठेवायची. टेबलाच्या मध्ये हळूहळू पाच पानं उघडली जातात, ती सगळ्यांची. तुमची दोन आणि ती पाच मिळून जी सर्वांत चांगली पाच होतील, तो तुमचा हात. मध्येमध्ये बोली लावायची, किंवा पानं टाकून बाहेर पडायचं.

हातांची क्रमवारी वरून खाली अशी: एकाच रंगाची ओळीने पाच पानं पहिली. मग चार सारखी. मग तीन सारखी आणि सोबत एक जोडी. चौथा कलर, इंग्रजीत फ्लश, म्हणजे पाचही बदाम किंवा पाचही इस्पिक, ओळ नसली तरी चालेल. पाचवी सीक्वेन्स, इंग्रजीत स्ट्रेट, ओळीने पाच, रंग कुठलाही. सहावी तीन सारखी. मग दोन जोड्या, मग एक जोडी, आणि सगळ्यात शेवटी काहीच नाही.

मी हे जेवणाच्या टेबलावर नलूताईंना वाचून दाखवलं. सहाव्या ओळीवर त्यांनी चमचा खाली ठेवला.

"तीन एक्के सहाव्या नंबरावर?"

"तक्त्यात तसंच आहे."

"अवो, तीन एक्के म्हणजे ट्रेल! त्याच्यावर काही नसते. आमच्या काकांना एकदा आले होते तर त्यांनी पेढे वाटले. अन् कलर सीक्वेन्सच्या वर? उलटं छापलं निखिलनं."

"आई, उलटं नाही," निखिल म्हणाला. "तीन पत्तीत तीनच पानं असतात. तीन पानं एका रंगाची सहज येतात, ओळीने यायला कठीण. पाच पानांत उलट होतं. पाचही बदाम येणं जास्त दुर्मीळ. जे दुर्मीळ ते मोठं."

मला ते एकदम पटलं. विषय तीन असताना पहिला येणारा मुलगा विषय पाच झाले की पहिला येईलच असं नाही, हे मी कितीदा पाहिलं आहे. नलूताईंना पटलं नाही.

"तुम्ही तक्ता ठेवा," त्या मला म्हणाल्या. "मी पन्नास वर्षं खेळून राहिली. सीक्वेन्स म्हणजे सीक्वेन्स. डच लोकांनी सांगून बदलत नाही."

मी तक्ता वहीत चिकटवला आणि झोपण्यापूर्वी दोनदा म्हटला.

आइंडहोवन, बुधवार

दुपारी एकच्या बसने शेजारच्या आइंडहोवनला निघालो. तिथे बसमध्ये चढताना कार्ड यंत्राला टेकवायचं आणि उतरताना पुन्हा टेकवायचं. नलूताई उतरताना टेकवायचं विसरल्या, मी परत चढून त्यांचं कार्ड टेकवलं, तेवढ्यात दार लागलं आणि मी एकटीच पुढच्या थांब्यापर्यंत गेले. चालत परत आले तेव्हा नलूताई थांब्यावर बसून एका अनोळखी बाईंना स्वतःच्या पर्समधला सुका अनारसा खाऊ घालत होत्या. त्या बाईंना तो आवडला की नाही हे कळलं नाही, कारण त्या फार सभ्य होत्या.

कॅसिनो म्हणजे मला वाटलं होतं, लाल दिवे आणि धूर. प्रत्यक्षात ते आपल्या एखाद्या मोठ्या सहकारी बँकेच्या नव्या इमारतीसारखं आहे. दारात पासपोर्ट तपासला, फोटो काढला, कोट आणि छत्री जमा करून बिल्ला दिला. आत गालिचा इतका जाड की माझ्या चपलेचा आवाज नाही. फोटो काढायला बंदी. मोबाईल पर्समध्ये ठेवायचा. म्हणूनच साक्षीदाराला महत्त्व.

नवशिक्यांच्या टेबलाभोवती आठ खुर्च्या होत्या. पानं वाटणारे गृहस्थ पांढऱ्या मिशांचे, बो लावलेले, फार हळू आवाजात बोलणारे. त्यांनी आधी अर्धा तास शिकवलं. मला ते इतकं नीटनेटकं वाटलं की मी वहीत टिपणं काढली. तीन नियम त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितले. टेबलावर इंग्रजी किंवा डचच बोलायचं. पानं एकदा त्यांच्याकडे टाकली की ती मेली, परत मिळत नाहीत. आणि दोरीच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसाने कोणत्याही खेळाडूला काहीही सांगायचं नाही.

दोरीच्या बाहेर फक्त मीच होते. त्यांनी हे माझ्याकडे पाहून सांगितलं. मी मान डोलावली. नियम मला योग्यच वाटला.

नलूताईंच्या शेजारी ट्रूस नावाच्या बाई होत्या. पंच्याहत्तरीच्या, उंच, केस अगदी आखूड, बोटांत चार अंगठ्या. त्या दर बुधवारी येतात. गेली सहा वर्षं नवशिक्यांच्या टेबलावरच, कारण तिथे कॉफी लवकर मिळते.

पहिले काही डाव नलूताईंनी तीन पत्तीच्या वेगात खेळले. पानं आली की डोळे मिटून, बोटाने कोपरा वर करून, देवाचं नाव घेऊन पाहायच्या. टाकायची असली की "पॅक!" म्हणून ओरडायच्या. मिशीवाले गृहस्थ दर वेळी दचकायचे. चार डावांत नलूताईंच्या पुढची, पैशांच्या बदल्यात मिळालेल्या रंगीत चकत्यांची चळत निम्मी झाली.

ट्रूसबाई त्यांना म्हणाल्या, "तुम्ही फार वाईट खेळता. पण फार आनंदाने खेळता."

आपल्याकडे असं कोणी म्हटलं असतं तर घरी जाऊन फोन झाले असते. नलूताई म्हणाल्या, "थँक यू."

मग तो डाव आला. मी दोरीच्या बाहेर, नलूताईंच्या डाव्या खांद्यामागे उभी होते. पाहायला हरकत नाही असं मिशीवाल्यांनीच सांगितलं होतं, फक्त तोंड बंद ठेवायचं. नलूताईंनी कोपरा वर केला तेव्हा मला दिसलं: बदामाचा एक्का आणि बदामाची चौकी.

मध्ये पानं उघडत गेली. बदामाची राणी. बदामाची नव्वी. बदामाची दुर्री. मी वही घट्ट धरली. मग इस्पिकची दश्शी आणि चौकटचा गुलाम. पाच बदाम, वर एक्का. तक्त्यातला चौथा नंबर, आणि टेबलावर त्याच्यावर काही होण्याची शक्यता नव्हती, हे मी दोनदा तपासलं.

सगळे गळाले. राहिल्या नलूताई आणि ट्रूसबाई. नलूताई बोली लावत गेल्या, चेहरा लाल. शेवटी ट्रूसबाईंनी पानं उघडली: राजा आणि अठ्ठी. राजा, राणी, गुलाम, दश्शी, नव्वी. ओळीने पाच. सीक्वेन्स.

मुलांनो, नलूताईंचा चेहरा उतरला. त्यांनी जीभ टाळ्याला लावून "च्" केलं, स्वतःची दोन्ही पानं पालथीच उचलली आणि मिशीवाल्यांच्या दिशेने हात पुढे नेला. पन्नास वर्षांच्या सवयीने त्या हरल्या होत्या. पानं टाकली की मेली. अमरावतीची खुर्ची त्या दोन पानांत होती.

आयुष्यभर मी तुम्हाला काय सांगत आले? रांग मोडू नये. परीक्षेत शेजारच्याला सांगू नये. ग्रंथालयात बोलू नये. हे सगळं मला आठवलं, क्रमाने आठवलं, आणि तोपर्यंत मी ओरडले होते.

"नलूताई, टाकू नका! कलर मोठा!"

मराठीत. म्हणजे एका वाक्यात दोन नियम.

सगळं थांबलं. शेजारच्या टेबलावरचे लोकसुद्धा वळले. मिशीवाल्यांनी हात वर केला आणि काळ्या कोटातल्या एक पर्यवेक्षक बाई शांतपणे चालत आल्या.

"मॅडम, तुम्ही काय म्हणालात?" त्यांनी मला विचारलं.

मी तोंड उघडण्याआधी नलूताई इंग्रजीत म्हणाल्या, "शी इज टेकिंग गॉड्स नेम. ऑलवेज. ओल्ड लेडी."

मी त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनीच मोठी आहे.

"नाही," मी म्हणाले. "मी त्यांना सांगितलं की फ्लश हा स्ट्रेटपेक्षा मोठा असतो. मी असं करायला नको होतं. मला माफ करा."

नलूताईंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी लग्नात मानपानाच्या वेळीसुद्धा पाहिली नव्हती.

पर्यवेक्षक बाईंनी विचार केला. तेवढ्यात ट्रूसबाई म्हणाल्या, "पण तिच्याकडे फ्लश आहे का? असेल तर मी हरले. पानं म्हणजे पानं." स्वतःचं नुकसान इतक्या कोरडेपणाने सांगणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

निर्णय झाला. पानं अजून नलूताईंच्या हातातून सुटली नव्हती, तेव्हा ती जिवंत. उघडा. उघडली. डाव नलूताईंचा. आणि मी बाहेर.

चकत्या स्वतःकडे ओढता ओढता नलूताई माझ्याकडे वळल्या. आवाज खाली होता, पण वऱ्हाडी पूर्ण वर आली होती. "काहून बोलल्या तुम्ही? आता हा डाव माझा का तुमचा? अण्णा विचारन तर तुम्ही सारं सांगसान!"

"सांगावं लागेल," मी म्हणाले.

"मग झालं तर," त्या म्हणाल्या आणि टेबलाकडे तोंड फिरवलं. मिशीवाल्यांनी "इंग्लिश, प्लीज," म्हटलं.

मला कोट ठेवायच्या जागेजवळ एका मऊ खुर्चीवर बसवलं. कॉफी आली, सोबत एक बिस्कीट. डच लोक बिस्कीट एकच देतात, कोणाच्याही घरी गेलात तरी, आणि मग डबा बंद होतो. मला वाटलं होतं, शिक्षा झालेल्यांना तेही देत नसतील. मी ते चार तुकडे करून खाल्लं, कारण किती वेळ बसायचं होतं हे माहीत नव्हतं.

मी हिशेब मांडला की मी बोलले नसते तर त्या हरल्या असत्या आणि अण्णासाहेब हसले असते. मी बोलले म्हणून त्या जिंकल्या, आणि तरी अण्णासाहेब हसणारच. दोन्ही उत्तरं सारखी. मला चहाची फार आठवण झाली.

पाऊण तासाने नलूताई बाहेर आल्या. पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जिंकली."

"कशावर?"

"चला, बसमध्ये सांगते. अन् तुम्ही माझ्या कार्डाला हात लावू नका."

फेल्डहोवन, बुधवार संध्याकाळ

घरी मुग्धा आणि निखिल यायच्या आत फोन लागला. तिकडे अमरावतीला जेवणं झाली होती. अण्णासाहेब पडद्यावर अर्धेच दिसत होते, कपाळ आणि पंख्याची दोन पाती.

"बोल," ते म्हणाले.

मी घसा साफ केला. सगळं क्रमाने सांगायचं मी ठरवलं होतं. पण नलूताईंनी मला हाताने थांबवलं.

"पहिला डाव जिंकली मी, पण तो या बोलल्या म्हणून. मी पानं टाकत होती. तो धरू नको," त्या म्हणाल्या. "नंतर यांना बाहेर बसवलं. मग एक डाव मी एकटीनं जिंकली."

मला सांगायचं होतं त्यातलं एकही वाक्य उरलं नव्हतं.

"पानं काय होती?" अण्णासाहेबांनी विचारलं.

"दुर्री अन् सत्ती."

"अन् मध्ये?"

"मध्ये माझ्या कामाचं काहीच नाही. जोडीसुद्धा नाही."

"मग जिंकली कशी?"

"साऱ्या चकत्या पुढे सरकवल्या. अन् लग्नात आहेर किती आला विचारलं की करतो नं, तो चेहरा केला. ते पाहत राहिले, पाहत राहिले, अन् एकेक करून पॅक. ती चार अंगठ्यांची बाई सगळ्यात शेवटी. तिनं विचारलं, काय होतं हातात, दाखव. मी म्हटलं, नो. सगळे गळाले तर दाखवावं लागत नाही. शिकवलं होतं त्यांनी."

मग अण्णासाहेब हसायला लागले. "म्हणजे पानं कोणीच पाहिली नाहीत. ना त्या लोकांनी, ना विहीणबाईंनी. वा! विहीणबाई, तुम्ही सांगा. तुमच्या डोळ्यांनी पाहिलं?"

"नाही," मी म्हणाले. "मी कॉफी पीत होते."

नलूताईंनी फोन जरा स्वतःपासून लांब धरला, जसा आपण तापमापक वाचताना धरतो.

"पण अण्णासाहेब," मी म्हणाले, "मी तीस वर्षं गुणपत्रिका तपासल्या. त्यात खोट्याही यायच्या. नव्वद टक्क्यांच्या खोट्या मी पाहिल्या, पंच्याऐंशीच्याही पाहिल्या. पस्तीस टक्क्यांची खोटी गुणपत्रिका घेऊन आलेला माणूस मी एकही पाहिला नाही. नलूताईंना खोटं सांगायचं असतं तर त्यांनी तीन एक्के सांगितले असते. दुर्री-सत्ती कोणी बनवून सांगत नाही. न पाहिलेल्या गोष्टीवर मी कधी सही केली नाही, यावर करते."

अण्णासाहेबांचं कपाळ पडद्याजवळ आलं.

"सारी चळत सरकवली?" त्यांनी नलूताईंना विचारलं. आवाज बदलला होता.

"सारी."

"दुर्री-सत्तीवर?"

"हो."

"माझी हिंमत नसती झाली," ते म्हणाले. मग खाकरले. "बस दिवाळीला. माझ्याशेजारी बस."

"कोणत्या हाताला?" नलूताईंनी विचारलं.

"बस नं कुठंही. हाताचं काय?"

"तसं नाही. डाव्या हाताला बसीन. म्हणजे तुझी चाल आधी होईल अन् मले दिसेल."

अण्णासाहेबांनी तोंड उघडलं, पण त्यांच्याआधी पंख्याच्या पलीकडून, बहुधा स्वयंपाकघराच्या दारातून, नलूताईंच्या वहिनींचा आवाज आला.

"मग मी यांच्या उजव्या हाताला बसते."